रुबार्बचा गड्डा

चौथं घर घेतलं तेव्हा काही वाटेनासं झालं होतं.
पहिल्याच्या वेळी रात्रभर जागले होते.
चौथ्याची किल्ली खिशात टाकली
आणि पेट्रोल भरायला गेले.

दक्षिण ड्युनेडिन. समुद्राला जवळजवळ टेकलेली गल्ली,
एकोणीसशे बाराचं लाकडी घर,
जमिनीच्या फळ्यांमधून वारा असा आत येतो
की वाटावं, भाडं तोच भरतो.

फर्गसने कोपऱ्यातून भिंतीचा कागद ओढला.
गुलाबांखाली जहाजं, जहाजांखाली हिरवे पट्टे,
आणि सगळ्याच्या खाली काळी, मऊ,
उंदराच्या पाठीसारखी बुरशी.
"अकरा वर्षं काढली त्या बाईने ह्यात," तो म्हणाला.
"ते आधीच्या मालकाला विचार," मी म्हटलं
आणि टेपचं टोक त्याच्या हातात दिलं.

माझ्या वहीत अक्षरं ताठ उभी राहतात:
छतात लोकर, दोन हजार आठशे.
न्हाणीघरात पंखा, नळीसकट, चारशे दहा.
दुहेरी काच फक्त रस्त्याच्या बाजूला,
कारण बघायला येणारे रस्त्यानेच येतात.
मागचं आवार खणून, खडी पसरून, दोन गाड्यांची जागा.
एका गाडीचे आठवड्याला पंचवीस.
मातीचे आठवड्याला शून्य.

जुलैतला मंगळवार. गारठा असा की सिमेंट रुसून बसलं होतं.
ती आली, हातात बादली, पोत्यात गुंडाळलेलं फावडं.
मेरेआना पोटिकी, म्हणाली. इथे राहायची.
"माझा रुबार्बचा गड्डा राहिलाय मागे."

विलियामूने खोदाईचं यंत्र बंद केलं,
मला न विचारता.
त्याला मी तासावर पैसे देते.

नव्या दाराकडे तिने पाहिलंही नाही.
घराला वळसा घालून गेली, आणि कोपऱ्यावर
तिचा हात आपोआप पुढे झाला,
फाटकाच्या कडीच्या उंचीवर.
फाटक आम्ही शुक्रवारीच काढलं होतं.
हात क्षणभर हवेत राहिला,
मग खाली आला.

गड्डा निघाला तो घोड्याच्या खुराएवढा, चिखलाने माखलेला.
फावड्याच्या एका घावात तिने त्याचे दोन केले.
"अर्धा तुला. तोडल्याने वाढतो तो."
मी नको म्हणायला तोंड उघडलं
आणि बादली धरली.

हात धुवायला न्हाणीघरात गेली.
दिवा लागला तसा पंखा आपसूक सुरू झाला.
मान वर करून ती उभी राहिली, बराच वेळ,
ओळखीची हाक कुठून आली
ते शोधणाऱ्या माणसासारखी.
"आवाज फार नाही ह्याचा."
"नाही," मी म्हटलं.
"हाच मागितला होता. सात पत्रं घातली."
तक्रार नव्हती ती. बस चुकली हे सांगतात तसं.

फोटोसाठी आणलेले पांढरे टॉवेल
रिबिनीत बांधून ठेवले होते.
त्यांना हात लावायचा नसतो
हे तिला न सांगता कळलं.
परकरालाच हात पुसले तिने,
आणि जाताना, सवयीने, दिवा मालवला.

घर नऊ दिवसांत गेलं. जोडपं तरुण आहे,
बाळ होणार आहे त्यांना. म्हणाले, किती उबदार!
आठवड्याला पंच्याण्णव जास्त.
वहीत लिहिताना पेन अडलं नाही,
खोटं कशाला सांगू.

फक्त ती बादली. माझ्या फ्लॅटच्या बाल्कनीत आहे,
आणि तो फ्लॅटही भाड्याचा.
गड्डा लावायला जागा शोधायची म्हणून
एका रविवारी चारही घरांना चक्कर मारली.
सगळीकडे खडी. एकसारखी, स्वच्छ, धुतलेली.
मीच पसंत केलेला रंग.

सप्टेंबरात बादलीतून
काहीतरी वर आलं आहे.
लाल, ओलं,
बाळाच्या मुठीएवढं,
आणि मिटलेलं.